हार्ड डिस्कचा बोर्ड बदलताना

संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली की बहुतेक लोक दोहोंपैकी एक गोष्ट करतात. ती टेबलाच्या खणात टाकून देतात, किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिचे झाकण उघडतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. खणात पडलेल्या डिस्कमधील माहिती पुढे केव्हातरी काढता येण्याची आशा असते. घरच्या हवेत झाकण उघडलेल्या डिस्कची ती आशा फारच थोडी उरते.

डिस्क पालथी करून पाहा. तिच्या पाठीवर चार-सहा स्क्रूंनी बसवलेला, हिरवा किंवा निळा सर्किट बोर्ड दिसेल. धातूच्या पेटीच्या आत असतात त्या चकत्या, मोटर आणि चुंबकीय हेड. पेटीच्या बाहेर असतो तो हा बोर्ड. आपण साठवलेली छायाचित्रे, पत्रे, हिशेब हे सारे चकत्यांवर असते. बोर्डावर त्यातले काहीही नसते. मग बोर्ड जळाला तर त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून इथे बसवला की काम झाले, असे कोणालाही वाटेल. एके काळी तसे होतही असे. आज ते का होत नाही आणि तरीही बोर्ड बदलून डिस्क कशी जिवंत करता येते, हे या लेखात पाहू. त्यासाठी आधी पेटीच्या आत काय चालते ते समजून घेतले पाहिजे.

चकती, हेड आणि हवा

टेबलावरच्या संगणकात असते त्या साडेतीन इंची डिस्कमधील चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर असतो. ती ॲल्युमिनियमची किंवा काचेची असून तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे, हा तिचा नेहमीचा वेग. परीघ सुमारे ३० सेंटिमीटर धरला तर चकतीची कड सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगाने पळते. या वेगाने चकतीबरोबर ओढली जाणारी हवा हेडखाली शिरते आणि त्याला उचलून धरते. हेड चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ गादीवर तरंगते.

ही गादी किती पातळ असावी? १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या संगणकासाठी पहिली हार्ड डिस्क तयार केली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. तिच्यात हेड व चकती यांमधले अंतर सुमारे २० मायक्रोमीटर होते, आणि तेवढे राखण्यासाठी हेडमधून दाबाखालची हवा सोडावी लागे. आजच्या डिस्कमध्ये हे अंतर १० नॅनोमीटरहूनही कमी असते. हेड ज्या तुकड्यावर बसवलेले असते त्याची लांबी सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे लांबी उंचीच्या एक लाख पट. चारशे मीटर लांबीची आगगाडी रुळांपासून ४ मिलिमीटर वरून तरंगत जावी, असे हे प्रमाण आहे. धुळीचा साधा कणसुद्धा या फटीच्या शेकडो पट मोठा असतो. झाकण का उघडू नये, याचे वेगळे कारण सांगायला नको.

हेडे एका दांड्याच्या टोकाला असतात आणि तो दांडा रेकॉर्ड प्लेअरच्या हातासारखा एका खुंटीभोवती वळतो. दांड्याच्या मागच्या टोकाला तारेचे वेटोळे असते व ते जोरदार चुंबकांच्या मध्ये ठेवलेले असते. वेटोळ्यातील विद्युतप्रवाह कमीजास्त केला की दांडा कमीजास्त वळतो. ध्वनिवर्धकाचा पडदा हलतो त्याच तत्त्वावर हे चालते.

बोर्डावर काय असते

बोर्डावर डझनावारी बारीक भाग असतात. आपल्याला त्यांतले चारच ओळखायचे आहेत. सर्वांत मोठी चौकोनी चिप म्हणजे मुख्य चिप. हिशेब आणि संगणकाशी बोलणे हे तिचे काम. दुसरी, तिच्याहून लहान, मोटर चालवणारी. मोठे प्रवाह हिच्यातून जातात, त्यामुळे हीच जास्त तापते आणि बोर्डावर काही जळाले तर बहुधा हीच जळते. तिसरी आठ पायांची चिमुकली चिप. ती काय करते ते पुढे येईल. चौथा भाग म्हणजे विजेच्या जोडणीजवळचे एक-दोन डायोड.

मोटर चालवणाऱ्या चिपचे काम मोठे मजेचे आहे. डिस्कच्या मोटरला ब्रश नसतात. तीन गुंडाळ्यांना पाळीपाळीने प्रवाह देऊन चुंबकाला फिरवावे लागते. पण कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीची पाळी, हे चिपला कसे कळावे? चुंबक फिरताना ज्या गुंडाळीला त्या क्षणी प्रवाह दिलेला नसतो तिच्यात, फॅरडेच्या नियमाप्रमाणे, उलट विद्युतदाब निर्माण होतो. तो मोजून चिप चुंबकाची जागा ओळखते. वीज एकाएकी गेली तरी चकती काही वेळ जडत्वाने फिरत राहते. तेवढ्या वेळात मोटर जनित्र बनते, आणि तिच्याच विजेवर बोर्ड हेडांना सुरक्षित जागी नेऊन ठेवतो. वीज गेल्यावर हेडांना वाचवण्यासाठी वेगळी बॅटरी ठेवावी लागत नाही ती यामुळे.

डायोडांचे काम पहारेकऱ्याचे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट असे दोन दाब लागतात. लॅपटॉपमधल्या अडीच इंची डिस्कला फक्त ५ व्होल्ट. प्रत्येक दाबाच्या तारेपासून जमिनीकडे, म्हणजे उणे बाजूकडे, एक डायोड उलटा जोडलेला असतो. दाब मर्यादेत असेपर्यंत तो वीज वाहू देत नाही. दाब मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम वाहक बनतो आणि जादा प्रवाह परस्पर जमिनीकडे वळवतो. फ्यूजशी याची तुलना करण्यासारखी आहे. फ्यूज एकसरीत असतो आणि वितळून मंडल तोडतो. हा डायोड समांतर असतो आणि बहुधा स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या भागांना वाचवतो. अशी शॉर्ट झालेली डिस्क जोडली तर कित्येकदा संगणकही सुरू होत नाही, आणि ती काढताच सुरू होतो. ही खूण लक्षात ठेवावी.

मात्र हा पहारेकरी क्षणिक उसळीसाठी असतो. दाब सतत जास्तच राहिला तर तो तापतो, तडकतो, आणि मंडलातून सुटतो. मग तो जादा दाब थेट चिपांवर येतो.

दुखणे कोठे आहे?

बोर्ड बदलण्याआधी दुखणे बोर्डाचेच आहे ना, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते अर्धे काम येथेच असते आणि नेमके तेच घाईत टाळले जाते. डिस्क लाकडी टेबलावर ठेवून जोडावी आणि कान द्यावा. चकती फिरू लागल्याचा चढता आवाज आला, आणि पाठोपाठ टक्, टक्, टक् असे ठोके पडू लागले, तर बहुधा हेड बिघडलेले असते. वीज ताबडतोब काढावी, कारण बिघडलेले हेड चकती खरवडते. फिरण्याऐवजी बारीक गुणगुण किंवा पीं पीं असा आवाज आला, तर मोटर अडकलेली असण्याचा किंवा हेड चकतीला चिकटून बसल्याचा संभव. या दोन्ही दुखण्यांवर बोर्ड बदलून काही होत नाही. डिस्क अगदी मुकी असेल, हाताला कंपही लागत नसेल, तर मात्र बोर्डावर संशय घ्यावा. अर्थात पेटी, तार आणि अडॅप्टर दुसरे लावून पाहिल्यानंतर.

बोर्ड काढणे सोपे असते. स्क्रूंच्या डोक्यावर सहा टोकांच्या चांदणीची खाच असते, तसल्याच तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थितिक वीज घालवावी. बोर्डाच्या आतल्या बाजूस चकचकीत ठिपक्यांच्या रांगा दिसतील. पेटीतून येणारे मोटरचे आणि हेडांचे स्प्रिंगदार संपर्क त्यांवर टेकतात. कोकणासारख्या दमट हवेत हे ठिपके काळे पडतात आणि तेवढ्याने डिस्क बिघडल्यासारखी वागू लागते. पेन्सिलीच्या खोडरबराने ते हलके घासून, चुरा झटकून, पुन्हा बोर्ड बसवला की काही डिस्क सुरू होतात. हा फुकटचा उपाय आधी करून पाहावा.

नंतर मल्टिमीटर. डिस्क विजेपासून पूर्ण सुटी असताना डायोडाच्या दोन टोकांमधला रोध दोन्ही दिशांनी मोजावा. दोन्हीकडे जवळजवळ शून्य आला तर डायोड शॉर्ट आहे. बोर्डावर दुसरे काही जळाले नसेल तर तो डायोड काढून टाकल्यावर डिस्क चालू होऊ शकते. पण मग पहारेकरी उरत नाही. म्हणून अशी डिस्क खात्रीच्या वीजपुरवठ्यावर एकदाच चालवावी, माहिती उतरवून घ्यावी आणि डिस्क निवृत्त करावी.

चौदा पावसाळे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेचे विज्ञान शिक्षक अशीच एक डिस्क घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांच्या शाळेतली मुले २००७ ते २०२० या काळात पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजत. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, असे १४ पावसाळे, म्हणजे १७०८ नोंदी. वह्यांना वाळवी लागली. नोंदी उरल्या होत्या त्या या एका डिस्कवर. तिच्या पेटीला १२ व्होल्टचा अडॅप्टर होता. पिन बसते म्हणून कोणीतरी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला. "सर, डिस्क गेली तरी चालेल," ते म्हणाले, "आकडे तेवढे मिळाले पाहिजेत. त्यातली काही मुले आता नोकरीला लागली आहेत, त्यांनी मोजलेले आहेत ते."

त्यांच्या गावातल्या कारागिराने काम नीटच केले होते. डायोड तडकून सुटा झाला होता, त्यामुळे मीटरवर शून्य येत नव्हते. तेवढ्यावरून बोर्ड ठीक आहे असे न मानता त्याने भिंग लावले आणि मोटरच्या चिपवर आलेला फोड शोधून काढला. बोर्डावर छापलेला क्रमांक जुळवून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तसाच जुना बोर्ड आणवला आणि बसवला. मोटर फिरू लागली. पण लगेच टक्, टक्, टक्, आणि डिस्क थांबली. हेडही गेलेले दिसते, असे त्याने सांगितले. ठोक्यांवरून असा अंदाज करणे साहजिकच होते. पण या डिस्कच्या बाबतीत त्या ठोक्यांना दुसरेही कारण असू शकत होते.

दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा

१९८० साली आलेली एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची डिस्क घ्या. तिच्या चकतीवर एका इंचात २५५ मार्ग होते, म्हणजे दोन शेजारी मार्गांमध्ये सुमारे एक दशांश मिलिमीटर अंतर. शिवाय लिहिणारे आणि वाचणारे हेड एकच, एकाच गुंडाळीचे. हेड जेथे लिहील तेथेच ते वाचणार. अशा डिस्कमध्ये एकीची इलेक्ट्रॉनिक मंडले दुसरीला चालत असत यात नवल नाही.

आज एका इंचात अडीच लाखांच्या घरात मार्ग असतात. दोन मार्गांमधले अंतर एक दशांश मायक्रोमीटर. म्हणजे हजारपट सूक्ष्म. आणि १९९०च्या दशकापासून वाचण्याचे काम वेगळ्या घटकाकडे आले. लिहिण्यासाठी गुंडाळीच राहिली. वाचण्यासाठी मात्र चुंबकीय क्षेत्राप्रमाणे ज्याचा रोध बदलतो असा पातळ थर वापरू लागले. (असा बदल विशिष्ट पातळ थरांत फार मोठा असतो, हे आल्बेर फेर आणि पेटर ग्र्यूनबर्ग यांनी १९८८ साली स्वतंत्रपणे शोधले. त्यांना २००७ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.)

वाचक आणि लेखक घटक एकापुढे एक असतात. त्यांच्यातले अंतर समजा ५ मायक्रोमीटर आहे. दांडा खुंटीभोवती वळत असल्याने हेड मार्गाशी नेहमी समांतर राहत नाही. चकतीच्या कडेजवळ ते, समजा, १५ अंशांनी तिरके होते. मग वाचक घटक लेखकाच्या मार्गावरून बाजूला किती सरकेल? ५ गुणिले १५ अंशांची ज्या, म्हणजे ५ × ०.२६ = १.३ मायक्रोमीटर. एका मार्गाला ०.१ मायक्रोमीटर, म्हणजे तब्बल १३ मार्ग बाजूला. आतल्या कडेला तो उलट दिशेने सरकेल. लिहिलेले वाचताना बोर्डाला दर ठिकाणी ही दुरुस्ती करावी लागते. आणि हे ५ मायक्रोमीटर किंवा दोन घटकांची आडवी जुळणी दोन हेडांत अगदी सारखी कधीच नसते. अर्ध्या मायक्रोमीटरचा फरक म्हणजे पाच मार्गांची चूक.

म्हणून कारखान्यात प्रत्येक डिस्क तयार झाल्यावर तिच्या हेडांची मापे घेतली जातात. कोणत्या हेडाला किती दुरुस्ती, किती प्रवाह, कोणते हेड वापरायचे आणि चाचणीत नापास झालेले कोणते सोडायचे, असे ते आकडे असतात. सुरुवातीला लागणारे आकडे त्या आठ पायांच्या चिमुकल्या चिपमध्ये लिहिले जातात. वीज लागताच मुख्य चिप ही स्मृती वाचते, मोटर फिरवते, हेडे चकतीवर आणते, आणि चकतीवरच्या एका राखीव भागातून बाकीचा कार्यक्रम वाचून घेते. तो वाचता आला तरच डिस्क 'जागी' होते. दुसऱ्या डिस्कचे आकडे असतील तर हेड भलतीकडे शोधत राहते, काही सापडत नाही, परत फिरते, पुन्हा शोधते. तेच ते ठोके. चष्म्याची काडी तीच, काचेचा आकार तोच, पण नंबर दुसऱ्याचा, अशातला हा प्रकार आहे.

उपाय आता उघड आहे. बोर्ड दुसऱ्याचा चालेल, स्मृतीची चिप मात्र मूळ बोर्डावरचीच हवी. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे गरम हवेची बंदूक असते. तिने आजूबाजूचे भाग न हलवता ही चिप उचलता येते. आम्ही ती जळक्या बोर्डावरून काढली, प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमरवर ठेवून तिच्यातला मजकूर वाचला, त्याची प्रत संगणकावर ठेवली, आणि मगच ती नव्या बोर्डावर बसवली. चिपवर एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो पहिल्या पायाची खूण. ठिपका चुकीच्या बाजूला गेला तर वीज लावताच चिप जाते, आणि तिच्याबरोबर ते आकडेही. ते दुसरीकडे कोठे सहज मिळत नाहीत.

बोर्ड बसवला, वीज लावली. चढता आवाज आला, एक हलकी खसखस झाली, आणि पाचेक सेकंदांत संगणकाच्या पडद्यावर शाळेचे नाव असलेला कप्पा उघडला. पहिल्या पावसाळ्यापासून शेवटच्यापर्यंत सर्व पाने जागेवर होती. सरांनी चष्मा पुसला आणि आधी २००७ सालचा जुलै उघडायला सांगितला. मी मात्र आधी सगळ्याची प्रत काढायला लावली. एक प्रत शाळेत आणि एक त्यांच्या घरी आहे.

काही डिस्कमध्ये ही आठ पायांची चिप नसते. तिची जागा रिकामी असते आणि ती स्मृती मुख्य चिपमध्येच सामावलेली असते. तेथे मुख्य चिप उचलावी लागते किंवा तिच्यातला मजकूर दुसरीत उतरवावा लागतो. ते काम तज्ज्ञाचे. बाहेरून जोडायच्या काही डिस्कच्या पेटीतला लहान बोर्ड माहिती सांकेतिक करून चकतीवर लिहितो. तेथे तो लहान बोर्डही टाकून चालत नाही. हल्लीच्या बिनचकत्यांच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह यांच्यात तर माहितीच बोर्डावरच्या चिपांमध्ये असते, तेव्हा हा उपाय त्यांना मुळीच लागू नाही.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

प्रयोगासाठी माहिती नको असलेली, कायमची बाद झालेली डिस्कच घ्यावी. बोर्ड काढल्यावर मोटरचे तीन किंवा चार संपर्क दिसतील. चार असलेली डिस्क घ्या. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही टोकण्या एकमेकींना टेकवून तारांचा स्वतःचा रोध पाहा व तो पुढच्या प्रत्येक मापनातून वजा करा, कारण मोजायचे रोध काही ओहमांचेच आहेत. आता संपर्कांच्या सहाही जोड्यांमधला रोध मोजा. तीन जोड्यांत एक आकडा येईल आणि उरलेल्या तीन जोड्यांत त्याच्या जवळजवळ दुप्पट. यावरून चौथा, सामाईक संपर्क कोणता ते ओळखा आणि गुंडाळ्यांची जोडणी वहीत काढा.

मग झाकण काढून (या डिस्कचे आता काढायला हरकत नाही, मात्र दांड्यामागच्या चुंबकांच्या मध्ये बोट सापडू देऊ नका, आणि चकती काचेची असू शकते म्हणून ती वाकवू नका) हेडांचा दांडा चकतीबाहेर सरकवा. सामाईक संपर्क आणि एक गुंडाळी यांना शाळेतला गॅल्व्हानोमीटर जोडून चकती बोटाने अगदी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. काटा डावी-उजवीकडे झुलेल. एका फेऱ्यात तो किती वेळा डावीकडे गेला ते मोजा; तितक्याच उत्तर ध्रुवांच्या व तितक्याच दक्षिण ध्रुवांच्या पट्ट्या मोटरच्या चुंबकावर असतात. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या डिस्क मिळाल्या तर हा आकडा सारखाच येतो का, तेही पाहावे.